एक जोड, आठ जिल्हे

किल्ले, मंदिरे, पैठण्या, दागिने यांच्यावर आपण जितके लिहिले, तितके पायताणावर लिहिलेले नाही. कोल्हापुरी चप्पल महाराष्ट्राच्या घराघरांत आहे. लग्नाच्या बस्त्यात ती असते, महाविद्यालयाच्या कट्ट्यावर असते, परदेशी निघालेल्या मुलाच्या सामानातही असते. पण ती कोण करते, कुठे करते, कशी करते आणि त्यातून करणाऱ्याच्या घरात काय येते, असे विचारले की बहुतेकांची गाडी अडते. ही वस्तू इतकी ओळखीची झाली आहे की तिच्याकडे नीट बघायचेच राहून गेले. या पुस्तकाचा खटाटोप तेवढ्यासाठी आहे.

पायात घालायच्या वस्तूला इतिहास असतो हे अमेरिकेतल्या लोकांनी केव्हाच मान्य केले आहे. तिथे बास्केटबॉलच्या बुटांवर पुस्तके निघतात, संग्रहालयांत प्रदर्शने भरतात, जुन्या जोडांचे लिलाव होतात. डिसेंबर १८९१ मध्ये जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड गावी हा खेळ शोधला. १९१७ साली कॉन्व्हर्स कंपनीने रबरी तळाचा, घोटा झाकणारा कॅनव्हासचा बूट काढला. तोच पुढे ‘ऑल स्टार’ म्हणून गाजला. चक टेलर नावाचा खेळाडू १९२० च्या दशकात त्या कंपनीत विक्रेता म्हणून लागला आणि गावोगाव फिरून खेळाचे वर्ग घेत बूट खपवू लागला. १९३० च्या दशकात त्याची सही बुटाच्या घोट्यावरच्या गोल चिन्हावर आली. १९८५ साली नायकी कंपनीने मायकेल जॉर्डनच्या नावाचा ‘एअर जॉर्डन’ बाजारात आणला आणि पहिल्याच वर्षात त्याची विक्री १० कोटी डॉलरच्या पुढे गेली.

या बुटांची आणि आपल्या कोल्हापुरीची एक गोष्ट सारखी आहे. ज्या कामासाठी जोड जन्माला आला ते काम सुटले, तरी जोड टिकला. मोठ्या सामन्यांतल्या खेळाडूंनी कॅनव्हासचा ऑल स्टार कधीच सोडला, पण गाणारे, शिकणारे, रस्त्यावर हिंडणारे लोक तो घालतच राहिले. शेतकऱ्यानेही नांगरामागे कोल्हापुरी घालायचे सोडून बराच काळ लोटला. आधी टायरच्या चपला आल्या, मग प्लॅस्टिकच्या आल्या, आणि चिखलापाण्यात त्याच सोयीच्या ठरल्या. तरी कोल्हापुरीची ओढ काही आटली नाही.

फरक आहे तो नावाचा. जॉर्डनच्या बुटावर एका माणसाचे नाव आहे आणि त्या नावाचा मोबदला त्या माणसाच्या घरी जातो. कोल्हापुरीवर शहराचे नाव आहे. करणाऱ्याचे नाव कुठेच नाही. ती चप्पल जगभर ओळखली जाते आणि ती करणारा शेजारच्या गल्लीतही ओळखला जात नाही. हे पुस्तक वाचताना एवढी एक गोष्ट मनात धरून ठेवावी, अशी माझी वाचकांना विनंती आहे. चपलेचा इतिहास, तिचे सौंदर्य, तिच्यावरून झालेले वाद या सगळ्याला हीच दुखरी नस आहे.

ही प्रस्तावना मी मिरजेत बसून लिहितो आहे. चप्पल कोल्हापूरची, मग मिरजेचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध जुना आहे. १८९१ साली मिरज-कोल्हापूर लोहमार्ग सुरू झाला. कोल्हापुरात रूळ संपतात. पुणे-मुंबईकडे, बेळगावकडे, पंढरपूरकडे जाणाऱ्या वाटा फुटतात त्या मिरजेत. आजही कोल्हापूरची प्रत्येक गाडी मिरजेवरूनच जाते-येते. म्हणजे रेल्वेने निघालेल्या कोल्हापूरच्या मालाला बाहेरचे जग भेटायचे ते मिरजेचा फलाट ओलांडून. शिवाय मिरजेतून पूर्वेला निघाले की थोड्याच वेळात राज्याची सीमा लागते आणि पलीकडे अथणीचा मुलूख सुरू होतो. अथणी, रायबाग, चिक्कोडीकडची माणसे दवाखान्याच्या निमित्ताने रोज मिरजेत येतात. इथल्या बाजारात एकाच सौद्यात भाव कानडीत विचारला जातो आणि घासाघीस मराठीत होते. कोल्हापुरी चप्पल याच सरमिसळीच्या मुलखाची आहे.

दुसरे कारण मला अधिक जवळचे वाटते. मिरज हे तंतुवाद्यांचे गाव आहे. एकोणिसाव्या शतकात हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब वाद्यांच्या कामाकडे वळले आणि त्यांच्यापासून इथे सतारी-तंबोऱ्यांची परंपरा उभी राहिली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. मोठमोठे गवई आपला तंबोरा कोणाच्या हातचा आहे हे अभिमानाने सांगतात. तंबोऱ्याच्या कारागिराचे नाव मैफलीपर्यंत पोचते. कोस-दोन कोसांवर तितक्याच कसबाने काम करणाऱ्या पायताणाच्या कारागिराला मात्र हा मान कधी मिळाला नाही. गळ्याशी नाते सांगणारी वस्तू वरची आणि पायाशी नाते सांगणारी खालची, ही उतरंड आपण वस्तूंवर लादली आणि वस्तूंच्या आडून माणसांवर लादली.

कोल्हापुरी हे नाव एका शहराचे असले तरी चप्पल आठ जिल्ह्यांची आहे. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाल्याचे जाहीर झाले, तेव्हा त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा आणि सोलापूर हे चार जिल्हे होते, तसेच कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर हे चार. मानांकनाची मालकीही सामायिक आहे: महाराष्ट्राच्या बाजूने संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ, कर्नाटकाच्या बाजूने डॉ. बाबू जगजीवनराम यांच्या नावाचे चर्मोद्योग महामंडळ. सीमाप्रश्नावर ही दोन राज्ये सर्वोच्च न्यायालयात एकमेकांसमोर उभी आहेत. चपलेच्या कागदावर त्यांची नावे शेजारीशेजारी आहेत.

यात नवल वाटण्याचे कारण नाही. सीमा अलीकडची आहे, धंदा जुना आहे. स्वातंत्र्यापूर्वी या मुलखात कोल्हापूर, सांगली, मिरज, कुरुंदवाड, जत अशी संस्थाने एकमेकांत गुंतलेली होती, आणि अथणी, चिक्कोडी हे भाग मुंबई इलाख्याच्या बेळगाव जिल्ह्यात होते. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा झाला. १९६० मध्ये त्याचे नाव सांगली पडले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव, धारवाड, विजापूर हे जिल्हे तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. नकाशावर रेघ आली, पण सोयरिकी तशाच राहिल्या, आठवडी बाजार तसेच राहिले आणि चामड्याची वाटही तशीच राहिली. आज कोल्हापूरच्या चप्पल लाईन या बाजारात टांगलेल्या जोडांपैकी कितीतरी जोड अथणी, निपाणी, मडभावी या बाजूच्या घरांत शिवलेले असतात. काही तिथून तयार होऊन येतात, काहींचा शेवटचा हात कोल्हापूरच्या सुभाषनगर-जवाहरनगरातल्या घरांत फिरतो.

आता चप्पल कशी होते ते बघू. तिच्या देखणेपणाचे मूळ कातडे कमावण्यात आहे. कच्चे कातडे चुन्याच्या पाण्यात टाकले की केस सुटतात. मग आतल्या बाजूचा मांसाचा थर खरवडून काढतात. त्यानंतर येतात बाभळीची साल आणि हिरडा. जुन्या रीतीत कातडे पिशवीसारखे शिवून टांगत आणि त्यात साल-हिरड्याचे पाणी भरत. पाणी कातड्यातून हळूहळू झिरपते, खाली गोळा होते, ते पुन्हा वर ओततात. साल आणि हिरडा यांतले टॅनिन कातड्यातल्या प्रथिनांना घट्ट धरते. मग कातडे कुजत नाही, भरीव आणि ताठ होते, तरी घाम शोषून घेते. कारखान्यात क्रोमियमच्या क्षारांनी हेच काम फार थोड्या वेळात उरकते. या रीतीत महिनाभराची निगराणी लागते. कोल्हापुरीचा तो तांबूस रंग वरून फासलेला नसतो. तो बाभळीचा आणि हिरड्याचा असतो, आणि वापराने गडद होत जातो.

मग चप्पल बांधायला घेतात. तळासाठी म्हशीचे जाड कातडे, वेणीसाठी शेळीचे मऊ. कातडे भिजवून, ठोकून, रापीने तळ कापतात. वरच्या आणि खालच्या तळाच्या मध्ये दोन्ही बाजूंचे कान बसवतात. कानांना पट्टा जोडला जातो, पुढे अंगठा. टाचेला जास्तीचे थर येतात. आरीने भोके पाडून चामड्याच्याच वादीने कडेकडेने टाके घालतात. अस्सल जोडात एकही खिळा नसतो. शेवटी तळावर नक्षीचे ठसे ठोकतात, पट्ट्यावर वेणी येते, एखाद्या जोडाला गोंडा लागतो.

वेणी घालणाऱ्या बाईच्या हातांकडे थोडा वेळ तरी बघत राहावे. ओलसर केलेल्या चामड्याच्या अरुंद पट्ट्या, एक टोक पायाच्या अंगठ्यात धरलेले, आणि बोटे इतकी सवयीची की नजर दारातल्या पोराकडे असली तरी वीण चुकत नाही. प्रत्येक पेडाला सारखाच ताण द्यावा लागतो. एक पेड सैल पडला तर वाळल्यावर वेणी वाकडी होते. जास्त ओढला तर पट्टी काठाशी फाटते. हा ताण मोजायचे कोणतेही साधन नाही, तो बोटांना कळतो. कातडे कमावणे, कापणे, ठोकणे ही कामे बहुधा पुरुष करतात. वेणी आणि बरीचशी शिलाई बायका करतात. तरीही कारागीर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पुरुषच उभा राहतो, आणि हिशेबाच्या वहीत बाईची मजुरी वेगळी मांडलेली क्वचितच दिसते. अथणीत १९९० च्या दशकाच्या अखेरीस बायकांचे बचतगट बांधून ‘टोहोल्ड’ या नावाने चपला थेट परदेशी विकण्याचा प्रयोग झाला. त्याचे मोल मला वाटते ते यासाठी, की तिथे काम करणारी बाई पहिल्यांदा स्वतःच्या नावाने व्यवहारात उभी राहिली.

कोल्हापुरीची ओढ इतकी का टिकली, याचे उत्तर या घडणीतच आहे. हा मुलूख काळ्या मातीचा, कडक उन्हाचा आणि बऱ्याच भागात कमी पावसाचा. तापलेल्या जमिनीपासून वाचवणारा जाड तळ, पायाला वारा लागेल असा उघडा वरचा भाग, घाम पिणारे कातडे, आणि उंबऱ्यावर वाकल्याशिवाय काढता येईल अशी रचना: या सगळ्या गरजांना पिढ्यान्‌पिढ्या उत्तर देता देता आकार पक्का झाला. त्यात घालायला आता काही नाही आणि काढायलाही काही नाही.

शिवाय ही चप्पल घालणाऱ्याची होते. नवी कोल्हापुरी चावते, हे सगळ्यांना ठाऊक असते. पहिले काही दिवस तिला तेल पाजावे लागते, घरातल्या घरात घालून फिरावे लागते, अंगठ्याला थोडे सोसावे लागते. मग कातडे नरमते, तळावर टाचेचा आणि बोटांचा ठसा उमटतो, पट्टा पायाच्या उंचीला येऊन बसतो. महिन्या-दोन महिन्यांनी तो जोड दुसऱ्या कोणी घातला तर त्याला तो परका वाटतो. कारखान्यातला बूट पहिल्या दिवशी सर्वांत चांगला असतो आणि मग उतरत जातो. कोल्हापुरी पहिल्या दिवशी सर्वांत अवघड असते आणि मग वळत जाते. टाका उसवला तर घालता येतो, टाच झिजली तर नवा थर बसवता येतो. पाणी तेवढे तिला सोसत नाही. पावसाळ्यात तिला गुंडाळून ठेवणे हा घराघरांतला रिवाज आहे.

तिच्या जाती अनेक आहेत. कागल तालुक्यातल्या कापशी गावाच्या नावाची कापशी, नदीकाठच्या कुरुंदवाडची कुरुंदवाडी. कान रुंद की अरुंद, तळ किती थरांचा, वेणी एकपदरी की अनेक, यावरून जाणकार गाव ओळखतो. आणि कर्रकर्र वाजणारा जोड तर वेगळाच. तळाच्या थरांमध्ये आवाजासाठी ‘विंचू’ नावाचा भाग बसवला की पाऊल टाकताना चप्पल वाजते. १९१२ साली शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबाग मैदान उभे केले. त्या काळापासून तालमीतला पैलवान, फेटा बांधलेला पाटील, गावच्या चावडीवर येणारा माणूस अशा सगळ्यांचा रुबाब त्या कर्रकरीत होता. पुढे मराठी चित्रपटांनी तो रुबाब गावोगावी पोचवला. बास्केटबॉलचा बूट जसा मैदानातल्या खेळाडूची ऐट घेऊन रस्त्यावर आला, तशी कोल्हापुरी तालमीची आणि शिवाराची ऐट घेऊन शहरात आली.

इथवरचा इतिहास अभिमानाचा आहे. पुढचा भाग सांगताना मान खाली घालावी लागते. ‘पायीची वहाण पायी बरी’ ही म्हण आपण सहज बोलून जातो. ती वहाणेपुरती कधीच नव्हती. वहाण करणाऱ्यालाही ती ऐकवली गेली. आपण पादुकांची पूजा करतो. भरताने सिंहासनावर पादुका ठेवल्या ही कथा लहानपणापासून ऐकतो, वारीत पालखीतून पादुका जातात तेव्हा लाखो माथी झुकतात. आणि त्याच समाजाने कातडे कमावणाऱ्या ढोरांना, पायताण शिवणाऱ्या चर्मकारांना, सीमेपलीकडच्या समगारांना गावाच्या कडेला ठेवले. वस्तू पूज्य आणि हात विटाळाचे, ही विसंगती आपण शतकानुशतके निवांत सांभाळली.

तिला प्रश्न विचारणारी माणसे याच परिसरात झाली. बाराव्या शतकात कर्नाटकातल्या कल्याण नगरीत बसवेश्वरांच्या अनुयायांत, म्हणजे शरणांत, हरळय्या नावाचा पायताण करणारा होता. परंपरा सांगते, की आपल्या एका नमस्काराला बसवेश्वरांनी दोनदा नमस्कार केला, याचे ओझे हरळय्याला झाले; त्याने आणि त्याच्या पत्नीने स्वतःच्या मांडीच्या कातड्याचे जोडे करून बसवेश्वरांपुढे ठेवले, आणि बसवेश्वरांनी ते पायात न घालता माथ्यावर धरले. पुढे हरळय्याचा मुलगा आणि ब्राह्मण मधुवरसाची मुलगी यांचा विवाह शरणांनी लावला. त्यावरून राजा बिज्जळाने दोन्ही वडिलांना देहदंड दिला आणि कल्याण पेटले. कथेतला चमत्काराचा भाग बाजूला ठेवला, तरी एवढे उरतेच: या भागात समतेच्या पहिल्या मोठ्या लढ्याच्या मध्यभागी एक पायताण करणारा उभा होता.

विसाव्या शतकाच्या आरंभी राजर्षी शाहूंनी तोच धागा राज्यकारभारात आणला. २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी मागास समाजांसाठी नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवल्या. १९२० साली माणगावच्या परिषदेत त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाला जाहीर पाठिंबा दिला. अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात जाऊन ते चहा प्यायले. त्यांच्या काळात कातडे कमावण्याच्या आणि पायताणाच्या धंद्यालाही दरबारचा आधार मिळाला. शाहू महाराजांनी कोल्हापुरीला आश्रय दिला हे आपण कौतुकाने सांगतो; पण त्यांच्या लेखी चप्पल आणि ती करणारा माणूस या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या, हे सांगायचे विसरतो. धंद्याला भांडवल, मुलाला शाळा आणि माणसाला पंगतीत जागा, हे त्यांनी एकत्र मागितले होते.

नंतरच्या काळात चप्पल दूर गेली आणि माणूस मागे राहिला. १९७० च्या दशकात हिप्पी तरुणांच्या पायांत कोल्हापुरी युरोप-अमेरिकेत पोचली, निर्यात वाढली. पाठोपाठ नकलाही आल्या. रेक्झिनचा पट्टा, डिंकाने चिकटवलेला तळ, यंत्राने दाबलेली नक्षी, आणि वर पाटी ‘कोल्हापुरी’. अस्सल जोडाची मजुरी ज्यात निघत नाही, त्या भावात नक्कल विकली जाते. २०१५ साली महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा कायदा कडक झाला. बैलाचे कातडे मिळेनासे झाले, आणि म्हशीच्या कातड्याला बंदी नसतानाही त्याची ने-आण करणारे धास्तावले. कमावलेले कातडे आता चेन्नईसारख्या लांबच्या ठिकाणाहून आणावे लागते. गावोगावचे कमावण्याचे कुंड बंद पडत गेले, आणि त्यांच्याबरोबर हिरडा-बाभळीचे ज्ञानही विरत चालले आहे. मुलांना शिकून दुसरीकडे जायचे असते. ज्या कामाने आजोबांना गावाच्या कडेला ठेवले, ते काम नातवाने कौतुक म्हणून पुढे चालवावे, असे सांगण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाच नाही.

अशा वेळी जून २०२५ मध्ये मिलानच्या एका फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीच्या पुरुष मॉडेलांच्या पायांत थेट कोल्हापुरीच्या घडणीच्या चपला दिसल्या. कंपनीने त्यांना नुसत्या चामड्याच्या चपला म्हटले होते. किंमत लाखाच्या घरात असल्याच्या बातम्या आल्या आणि महाराष्ट्रात संताप उसळला. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सचे अध्यक्ष ललित गांधी यांनी कंपनीला पत्र लिहिले. प्राडाच्या वतीने लोरेन्झो बर्टेली यांनी उत्तरात मान्य केले, की या चपलांची प्रेरणा शतकांची परंपरा असलेल्या भारतीय कारागिरीतून घेतली आहे. जुलैत कंपनीची माणसे कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटली. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, ती टिकली नाही. मानांकनाचे नोंदणीकृत मालक दोन महामंडळे आहेत, दाद मागायची तर त्यांनी मागावी, असा मुद्दा तिथे आला. डिसेंबर २०२५ मध्ये प्राडाने या दोन्ही महामंडळांशी करार केला आणि महाराष्ट्र व कर्नाटकातल्या कारागिरांकडून २,००० जोड करून घेण्याचे जाहीर केले. एका जोडाची किंमत सुमारे ८०० युरो.

या प्रकरणाने एक गोष्ट उघडी पडली, ती या पुस्तकाच्या वाचकाने समजून घ्यावी. १९९९ च्या कायद्याखालचे भौगोलिक मानांकन नावाचे रक्षण करते. दुसऱ्या प्रदेशात केलेल्या चपलेला कोणी कोल्हापुरी म्हणून विकले, तर कायदा आडवा येतो. पण कोणी आकार उचलला आणि नाव घेतलेच नाही, तर या कायद्याच्या हाती फारसे काही लागत नाही. म्हणून मिलानमधल्या त्या चपलेविरुद्ध संताप होता, पण खटल्याला आधार लंगडा होता. आणि आपल्याच बाजारात रोज कोल्हापुरीच्या नावाने रेक्झिन विकले जाते, तिथे कायदा भक्कम आहे, पण संताप नाही. परदेशी कंपनीने श्रेय चोरले म्हणून आपण पेटून उठलो ते योग्यच झाले. मात्र श्रेय तिथे पहिल्यांदा चोरीला गेले नव्हते. दुकानात जोड हातात घेऊन, तो कोणी केला हे न विचारता निम्म्या भावावरून हुज्जत घालणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाने ते आधीच घेतले होते. त्या गिऱ्हाइकांत आपण सगळे आलो.

म्हणून या पुस्तकाचा आग्रह जतनापेक्षा मोबदल्यावर आहे. संग्रहालयात ठेवलेली चप्पल जपता येते, हुन्नर जपता येत नाही. हुन्नर रोज हातात लागतो, आणि रोज काम करणाऱ्याला रोजचे पोट असते. कातडे कमावण्याचे सामायिक कुंड पुन्हा उभे राहिले, सांडपाण्याची नीट सोय झाली, वेणी घालणाऱ्या बाईची मजुरी तिच्या खात्यावर वेगळी जमा झाली, मानांकनाचे अधिकृत वापरकर्ते म्हणून अधिकाधिक कारागिरांची नोंद झाली, तर पुढची पिढी या धंद्याकडे वेगळ्या नजरेने बघेल. संत रोहिदास महामंडळाने जोडांवर क्यूआर कोड लावण्याचे काम हाती घेतले आहे; मोबाइल धरला की चप्पल कोणी आणि कुठे केली ते कळावे, हा त्यामागचा विचार. माझ्या मते या सगळ्या उपायांत हा सर्वांत मोलाचा आहे, कारण शतकांनंतर पहिल्यांदा त्यातून चपलेवर करणाऱ्याचे नाव येते.

पुढच्या प्रकरणांत कमावण्याच्या रीती आहेत, चपलेच्या जाती आहेत, बाजारपेठांचे आणि कायद्याचे तपशील आहेत. ज्या कारागिरांनी, विशेषतः ज्या बायकांनी काम थांबवून हातातली गोष्ट समजावून सांगितली, त्यांचा वेळ म्हणजे त्यांची मजुरी होती. त्यांचे ऋण औपचारिक आभारांनी फिटणारे नाही. वाचकाने ते थोडे फेडावे. पुढचा जोड घेताना तळ उलटा करून टाके बघावेत, तो कोणी शिवला हे विचारावे, आणि सांगितलेला भाव रास्त असेल तर तो घासाघीस न करता द्यावा. चक टेलरची सही बुटावर यायला दहा-बारा वर्षे लागली. आपल्या कारागिराला शतके लागली आहेत, आणि ती सही आणण्याची ताकद आज न्यायालयापेक्षा, महामंडळापेक्षा आणि मिलानपेक्षाही दुकानात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाकडे जास्त आहे.